भुयाराची मोजणी

माझा भाचा म्हणतो, "आत्या, तू खेळ खेळत नाहीस, खेळाशी भांडतेस." खरं आहे त्याचं. साठी उंबरठ्यावर आली आहे, चष्मे दोन झाले आहेत, एक वाचायचा आणि एक पडद्याचा, आणि तरी रोज दुपारी भांडी आवरली की मी नागपूरच्या मनीषनगरातल्या माझ्या घरात संगणक सुरू करते आणि कुठल्या तरी भुयारात उतरते. सोबत चार-सहा काल्पनिक माणसं असतात, अंधार असतो, वळणापलीकडे काही तरी दबा धरून बसलेलं असतं. शेजारणीला वाटतं मी शेअरबाजाराचं काही तरी करते. तिचा गैरसमज मी दूर केलेला नाही, कारण त्यामुळे सोसायटीत माझा मान वाढला आहे.

माझं भांडण साधं आहे. नव्या खेळांत नकाशा आपोआप निघतो. तुम्ही चालाल तसा तो कोपऱ्यात रंगत जातो आणि वर बाण दाखवतो, इकडे वळा, तिकडे जा. ही आयत्या बिळावर नागोबा होण्याची सोय झाली. जुन्या खेळांत समोर काळा पडदा आणि त्यावर चार पांढऱ्या रेघा असायच्या. त्या रेघा म्हणजे भिंती. तुम्ही कुठे आहात, कुठून आलात, हे तुमचं तुम्ही कागदावर लिहून ठेवायचं. नाही ठेवलं तर मेलात. भाचा म्हणतो हा छळ आहे. मी म्हणते, ही मोजणी आहे, आणि मोजणी कशाला म्हणतात ते मी ज्यांच्याकडून शिकले ते तुझे आजोबा होते.

बाबा एका सरकारी खात्यात जरीब धरायला होते. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. एक माणूस पुढचं टोक घेऊन चालायचा, दुसरा मागचं टोक जमिनीला दाबून बसायचा. पुढचा ओरडायचा, "धरली?" मागचा ओरडायचा, "धरली!" मग साखळी ताणायची, सळई रोवायची आणि पुढे निघायचं. बाबांनी हे तीसहून जास्त वर्षं केलं. उन्हात, धानाच्या चिखलात, बोरीबाभळींच्या काट्यांतून. साहेब छत्रीखाली उभे राहून सुईच्या यंत्रातून दिशा पाहायचे आणि वहीत लिहायचे, त्यावरून ऑफिसात नकाशा निघायचा. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात नावं असत. मोजणी कोणाची, नकाशा कोणाचा, तपासला कोणी. साखळी धरणाऱ्याचं नाव एकाही नकाशावर नसे. बाबांच्या पायांनी अर्धा जिल्हा मोजला असेल, पण कागदावर ते कुठेच नाहीत.

ते निवृत्त झाले तेव्हा ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. दादा कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात लागला होता आणि त्याला क्वार्टर मिळालं होतं. आम्ही नागपुरातलं भाड्याचं घर सोडून तिकडे गेलो. आई, बाबा, दादा आणि मी. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन रिकामी होते. कॉलनीत दोन गोष्टींची ददात नव्हती, राखेची आणि विजेची. राख कपड्यांवर, झाडांवर, पाण्याच्या माठावर. वीज मात्र कधी म्हणजे कधी जायची नाही, आणि दादा ती स्वतः हाताने तयार करत असल्यासारखा ऐटीत असायचा.

बाबांना मात्र करमत नव्हतं. आयुष्यभर चाललेला माणूस दोन खोल्यांत किती चालणार? सकाळी ते कॉलनीला फेरी मारून यायचे आणि सांगायचे, फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत इतक्या साखळ्या. कोणी विचारलेलं नसायचं. मग दिवसभर पलंगावर बसून राहायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

त्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या क्वार्टरमधले इंजिनियर साठलेली रजा घेऊन दीड महिना गावी जायला निघाले. ते परदेशी ट्रेनिंगला गेले असताना एक छोटा संगणक घेऊन आले होते. वहीएवढा, रबराच्या बटणांचा, टीव्हीला जोडायचा. बंद घरात उंदीर वायरी कुरतडतील म्हणून तो त्यांनी दादाकडे ठेवला. सोबत टेपरेकॉर्डर आणि दोन खेळांच्या कॅसेटी, पुस्तिकांसकट. खेळ सुरू करायचा तर आधी कॅसेट लावावी लागे आणि ती चहा उकळून गाळून होईपर्यंत कर्कश किरकिरत बसे.

आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पदराला हात पुसत बाहेर आली. "बाप्पा! हे काहून रडून राहिलं? पोट दुखून राहिलं का याचं?"

"खेळ येऊन राहिला आई," मी म्हटलं.

"येऊ दे. पण त्याले सांग, रडत नको येऊ म्हणा."

दोन कॅसेटींपैकी एक दादाने घेतली. तो डावपेचाचा खेळ होता. वरून दिसणारा प्रदेश, नद्या, डोंगर, किल्ले, आणि आपण राजा. इतके सैनिक इकडे पाठव, इतकं धान्य तिकडे पाठव. दादा ड्यूटीवरून आला की टीव्हीसमोर मांडी ठोकून राज्य करायचा. एकदा बाबा त्याच्या मागे येऊन उभे राहिले. दादाने एका बटणासरशी शंभर माणसं दलदलीतून पलीकडे नेली. बाबांनी पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "याच्यात चालते कोण गा?"

"सैनिक चालतात नं बाबा."

"मले तं कोणी चालतानी दिसून नाही राहिलं," ते म्हणाले आणि जाऊन पलंगावर बसले.

वरून पाहायच्या खेळांबद्दल माझं मत आजही तेच एक वाक्य आहे. मी ते खेळते, आवडीने खेळते, जिंकतेसुद्धा. पण एखाद्या तुकडीला चिखलातून हाकलताना बोट बटणावर जरा थांबतं.

दुसरी कॅसेट माझी. हा भुयाराचा खेळ होता. आपण चार माणसं तयार करायची आणि पाच मजले खोल उतरायचं. तळाशी कोणी तरी दुष्ट जादूगार बसला होता, त्याच्याकडून काही तरी परत आणायचं होतं. काय ते आता आठवत नाही, तेव्हाही फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. माणसं तयार करताना खेळ आपणच फासे टाकायचा आणि सांगायचा की याची ताकद इतकी, याची बुद्धी इतकी. बुद्धीचा आकडा कमी आला की तो माणूस जादूगार होऊ शकत नसे. त्याने तलवारच धरायची.

बाबा पलंगावरून ऐकत होते. मी इंग्रजी वाचून मोठ्याने मराठीत सांगत होते, तेवढीच त्यांना सोबत म्हणून.

"म्हणजे जल्मतःच ठरलं काय? हा तलवारवाला, हा मंतरवाला?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"शिकून होत नाही?"

"इथं तरी तसंच लिहून आहे."

बाबा एवढंच म्हणाले, "मंग खेळाचं काय राह्यलं त्याच्यात? आम्ही सोडून आलो ते सारं." नागपुरात आमच्या लोकांनी धर्म बदलला त्या दिवशी बाबा पांढरा सदरा घालून त्या गर्दीत उभे होते. असल्या फाशांशी त्यांचं वैर जुनं होतं. मी पुस्तिका पुढे चाळली आणि शेवटच्या पानावर मला एक ओळ सापडली. नगरात एक जागा होती, तिथे जाऊन माणसाला आपला पेशा बदलता येत होता. फक्त बदलल्यावर आधीचं सगळं जायचं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागायची. मी हे सांगताच बाबा पलंगावरून उठले आणि माझ्याजवळ सतरंजीवर येऊन बसले.

"तं बदल. पहिल्यापासून तं कराच लागते बाई. आम्ही नाही केलं?"

आमचा एक तलवारवाला मग जादूगार झाला. इतका दुबळा की पहिल्याच उंदराने त्याला अर्धमेला केला. बाबा त्याला सगळ्यांत मागे ठेवायला सांगायचे आणि त्याची चौकशी करायचे, "आपला नवा कसा आहे?"

अशी सुरुवात झाली. दुपारी बाहेर ऊन फुटाणे भाजत असे, आत कूलर घरघरत असे, मी बटणं दाबायची आणि बाबा नकाशा काढायचे. कागद दादाने आणला. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये तापमान आपोआप लिहिणारी यंत्रं होती, त्यांत चौकटी छापलेल्या कागदाचा रोल फिरायचा, आणि रोलच्या शेवटचा हातभर कोरा तुकडा फेकून देत. ते तुकडे बाबांनी अलगद सरळ केले. ते पुन्हा गुंडाळी व्हायला बघत, म्हणून एका टोकावर आईचा खलबत्ता आणि दुसऱ्यावर आमच्या दाराला लावायचा काळा दगड. तो दगड मला कळायला लागल्यापासून घरात होता. मुठीएवढा, पण दोन मुठींच्या वजनाचा.

बाबांनी मोजणी खरी केली. डाव्या हाताला आगपेटीतल्या दहा काड्या, उजव्या हाताला मोकळी जागा. एक पाऊल पुढे गेलो की एक काडी इकडून तिकडे. दहा झाल्या की मोठ्याने "दहा!" आणि काड्या परत. शेतात सळयांचं हे असंच करत. मी पुढच्या टोकाला होते. बटण दाबण्याआधी मी विचारायचं, "धरली?" आणि त्यांनी कागदावर पेन्सिल टेकवून म्हणायचं, "धरली!" तेव्हाच पाऊल टाकायचं. मी एकदा न विचारता दोन पावलं पुढे गेले तर ते इतके रागावले की आई बाहेर आली. साखळी न धरता चालायचं नसतं.

पहिला मजला नऊ दिवसांत झाला. तुम्ही तो नकाशा पाहायला हवा. भिंत दुहेरी रेघेची, दार छोट्या आडव्या रेघेचं, विहिरीचा गोल. अक्षरं अशी की छापल्यासारखी. हे सगळं ते साहेबांच्या मागे उभं राहून नुसतं बघून शिकले होते. मी म्हटलं, "बाबा, कोपऱ्यात नाव टाका तुमचं."

"आता नाही. तीन मजले तं होऊ दे. पुरं जुळलं की मंग टाकीन," ते म्हणाले. पण बोलताना त्यांनी कोपऱ्यात बोटाने जागा मोजून बघितली. मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी दादाने न मागताच टीव्ही त्याच्यासाठी सोडला.

दुसरा मजलाही झाला. आणि तिसऱ्या मजल्यावर सगळं बिघडलं.

तिथे एक लांब वाट जिन्यापासून निघून, वळत वळत फिरून पुन्हा जिन्याशीच यायला हवी होती. पडद्यावर आम्ही जिन्याशी आलो. कागदावर मात्र बाबांची रेघ भलत्याच ठिकाणी, कागदाच्या काठापाशी जाऊन थांबली. त्यांनी काड्या तपासल्या. खोडलं. आम्ही पुन्हा चाललो. पुन्हा नाही जुळलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला एकेका पावलाला तीन तीनदा विचारलं. रेघ तशीच काठाला गेली.

बाबांनी पेन्सिल ठेवली. "माह्याच हातून होऊन राह्यलं. तू खेळ वं पोरी. मले झोप येऊन राहिली."

ते भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळची फेरीसुद्धा बंद झाली. मला कळेना, एका खेळावरून माणूस इतका का खचावा? मी थोडी चिडलेसुद्धा. मग आईने सांगितलं. ती अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती आणि राख पडू नये म्हणून आम्ही दोघी वरून जुनं धोतर ताणत होतो.

"तुले नाही माहीत. तुह्या जल्माच्या आधीची गोष्ट आहे. रामटेककडं मोजणी होती, धानाच्या बांध्यांमंधी. साऱ्या शिवाराले फेरी मारून आले तं साहेबाचा हिशेब जुळे ना. जिथून निघाले तिथं रेघ येऊनच नाही राहिली. साहेबानं साऱ्या गावासमोर तुह्या बाबाले बोललं. म्हणे, साखळी ढिली धरली. म्हणे, तुमच्या लोकायच्या हाती दिलं का असंच होते."

माझ्या हातातलं धोतर सैल झालं. आईने ते पुन्हा ताणायला लावलं.

"यायचं तवा हापिसात नकाशे उतरवाच्या जागेवर नाव लागणार होतं. सुट्टीच्या दिवशी अक्षरं गिरवत बसत. ते गेलं. नोकरीच्या पुस्तकात लिहून आलं का कामात हलगर्जी. त्या दिवशी घरी आले तं हातात तो काळा दगड. म्हणे, साहेबाले मारासाठी उचलला होता. नाही मारला. पण टाकालेही जमलं नाही, तसाच हातात धरून घरी आले."

"पण आई, बाबांनी ढिली धरली होती का?"

आईने एक पापड उलटला. "तेच तं त्यायले माहीत नाही नं. इतक्या वर्सांत मले दहादा म्हटलं असन, का धरली असन मी ढिली, उन्हात भान राह्यलं नसन. कधी म्हणे नाही धरली. आता तुह्या या खेळानंही तेच सांगतलं त्यायले."

मला रडू आलं आणि रागही आला. राग त्या साहेबाचा, खेळाचा आणि माझा स्वतःचा. करमणूक म्हणून मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली होती आणि तिने पंचवीसेक वर्षांपूर्वीचा ठपका पुन्हा उघडा केला होता. इंजिनियर परत यायला सहा दिवस उरले होते. संगणक वर गेला असता आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले असते.

मग मी एकटीच उतरले. तिसऱ्या मजल्याच्या तोंडाशी राक्षसांशी लढत राहिले, दोन दिवस, फक्त आमच्या नव्या जादूगाराला शिकवण्यासाठी. कारण पुस्तिकेत एक मंत्र होता, त्याने आपण कुठे उभे आहोत आणि कुठल्या दिशेला तोंड आहे ते कळायचं. पण तो यायला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागत होत्या. तलवारवाल्यांना तो कधीच येत नाही. तिसऱ्या दुपारी आमच्या नव्याला तो आला. मी त्या लांब वाटेवर गेले आणि जवळजवळ प्रत्येक पावलाला मंत्र म्हणवून घेतला. मंत्रांचा साठा संपला की परत वर जायचं, विसावा घ्यायचा, पुन्हा यायचं.

उत्तर. उत्तर. उत्तर. उत्तर. आणि मग एका चौकटीत, मी कुठलंही वळायचं बटण दाबलेलं नसताना, पूर्व.

मी परत गेले आणि पुन्हा तीच चौकट ओलांडली. या वेळी दक्षिण.

"बाबा! बाबा, उठा. इकडे या."

ते आले, माझ्या आवाजामुळे आले. मी त्यांना दाखवलं. या एका चौकटीत पाय ठेवला की ती आपल्याला गुपचूप फिरवते. भिंती सगळीकडे सारख्याच, चार पांढऱ्या रेघा, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. आपण सरळ चाललो आहोत असं वाटतं आणि तोंड भलतीकडे झालेलं असतं.

"म्हणजे पावलं बरोबर होती?" बाबांनी विचारलं.

"एकूण एक पाऊल बरोबर होतं, बाबा. काड्या बरोबर होत्या. दिशा फिरली होती. जागाच तशी आहे."

ते सतरंजीवर बसले. मग म्हणाले, "असी जागा खरोखरची राहते काय वं? जिथं साखळी बरोबर अन् सुईच फिरते?"

मी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. उत्तर ओठांवरच होतं. "राहते नं. जमिनीत चुंबकी दगड असला तर सुई त्याच्याकडे ओढते. आणि रामटेककडे तर मँगनीजच्या..." माझं वाक्य तिथेच तुटलं. आम्ही दोघांनीही एकाच वेळी कागदाच्या टोकावरच्या काळ्या दगडाकडे पाहिलं.

मी आईची शिवायची सुई मागितली. दादाच्या बिघडलेल्या रेडिओच्या मागे स्पीकरचं लोहचुंबक होतं, त्यावर ती एका दिशेने वीस-पंचवीस वेळा घासली. आई स्टीलची परात आणत होती, मी म्हटलं लोखंड-स्टील काही नको, पितळी दे. पितळी परातीत पाणी घेतलं, कागदाच्या कपट्यावर सुई ठेवली आणि पाण्यावर सोडली. ती डुलत डुलत फिरली आणि उत्तरेला येऊन थांबली. दादा आंघोळ करून नुकताच बाहेर आला होता, तो टॉवेल खांद्यावर टाकून तसाच उभा राहिला.

बाबांनी दगड उचलला. त्यांनी तो परातीजवळ आणला आणि कागदाचा कपटा पाण्यावर हलला. सुई उत्तर सोडून वळली, अगदी सावकाश, आणि तिचं टोक दगडाकडे झालं. त्यांनी दगड दुसऱ्या बाजूला नेला. सुई तिकडे आली.

आईने तोंडाला पदर लावला होता.

"साहेबानं मागं वळून पाह्यलं नव्हतं," बाबा म्हणाले. "प्रत्येक खुंट्यावरून मागच्या खुंट्याकडं एकदा पाहा लागते, सुई बरोबर आहे का नाही म्हून. मोठे साहेब नेहमी पाहत. याले उन्हाची घाई होती. यानं नाही पाह्यलं." मग दगडाकडे बघूनच म्हणाले, "साखळी ताठ होती. मी धरली होती."

"धरली होती जी तुम्ही," आई म्हणाली. "मले माहीत होतं."

तिला माहीत नव्हतं. पण ती इतक्या ठामपणे म्हणाली की तिचं मला फार कौतुक वाटलं.

उरलेल्या तीन दिवसांत आम्ही तिसरा मजला पुरा केला. ती फिरवणारी चौकट बाबांनी शिस्तीने रंगवली आणि बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं, "येथे सुई फिरते." रेघ फिरून जिन्याला मिळाली तेव्हा त्यांनी सगळ्या काड्या एकत्र करून परत पेटीत भरल्या. चौथा मजला आम्ही पाहिलाच नाही. तळाशी बसलेला तो दुष्ट जादूगार आजपर्यंत सुखात असावा. संगणक वर गेला, दादाचं राज्यही तेव्हाच बुडालं.

पुढे बाबांनी सकाळची फेरी पुन्हा सुरू केली. तो दगड मात्र त्यांनी दाराला लावू दिला नाही, खिडकीत ठेवला. ते गेले तेव्हाही तो तिथेच होता.

काही वर्षांपूर्वी मला तोच खेळ पुन्हा मिळाला, इंटरनेटवर असले जुने खेळ सांभाळणारे माझ्यासारखे वेडे असतात. त्यांच्याकडे सगळ्या मजल्यांचे नकाशेही होते. मी तिसरा मजला छापून घेतला आणि बाबांच्या कागदाशेजारी ठेवून एकेक चौकट ताडून पाहिली. एकही चुकलेली नव्हती. भाचा म्हणाला, "आत्या, आता चौथा खेळून टाक ना, नकाशा तयारच आहे." मी नाही म्हटलं. कागदावर पेन्सिल टेकवून "धरली" म्हणणारं कोणी नसेल तर मी त्या भुयारात जात नाही.

बाबांचा कागद आता पिवळा पडला आहे आणि अजूनही गुंडाळी व्हायला बघतो. कोपऱ्यातलं लिखाण त्यांनी शेवटच्या दुपारी केलं, माझ्याकडे पाठ करून, हाताने झाकून, शाळेतल्या मुलासारखं. मग कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्या ओळीत होतं, मोजणी आणि नकाशा, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट, ते छापल्यासारखं अक्षर. मला वाटलं तेवढंच असेल. पण खाली आणखी एक ओळ होती, मी पाहिलेल्या कुठल्याही नकाशावर नसलेली. तिच्यात लिहिलं होतं, जरीब धरणारी, आणि पुढे माझं नाव.